चित्राला आवाज असतो का? फोटो 'वाजवणाऱ्या' सॉफ्टवेअरच्या आत डोकावूया

हा या भागाचा लेखी मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'अं', 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत. जिथे क्लिप वाजते, तिथे ती कशी वाजते ते चौकटी कंसात लिहिलंय. आणि एक सूचना आधीच: हेडफोन लावून ऐकणार असाल तर आवाज कमी ठेवा. आजच्या काही क्लिप कानाला गोड नाहीत.

तुम्ही अशा रील्स पाहिल्या असतील. 'ऐका, आकाशगंगेचा आवाज'. 'या पेंटिंगमध्ये लपलंय गाणं'. मागे गूढ सूर चालू, आणि खाली कमेंट्समध्ये हात जोडलेले इमोजी. ऐकायला भारी वाटतं, मलाही वाटतं. पण एक प्रश्न राहतोच: चित्राला खरंच आवाज असतो का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. चित्राला स्वतःचा आवाज नसतो. चित्राचा आवाज करण्यासाठी कुणीतरी एक नियम ठरवतं, आणि आपण जे ऐकतो ते त्या नियमातून आलेलं असतं. नियम कळला की यातली जादू जाते, पण गंमत उलट वाढते. आणि शेवटाकडे आपण बघू की याच नियमावर काही लोक अक्षरशः 'बघतात'. त्यामुळे हा विषय फक्त टाइमपासचा नाहीये.

नियम तीनच आहेत

कम्प्युटरसाठी चित्र म्हणजे एक मोठा तक्ता. आडव्या ओळी, उभे रकाने, आणि प्रत्येक खणात एक आकडा. कृष्णधवल चित्र असेल तर साधारणपणे ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र.

चित्र वाजवणारी बहुतेक सॉफ्टवेअर्स या तक्त्यावर तीन नियम लावतात.

एक: डावीकडून उजवीकडे म्हणजे वेळ. चित्राची डावी कड आधी वाजते, उजवी शेवटी.

दोन: खालून वर म्हणजे सूर. खालच्या ओळी खर्जात, वरच्या ओळी तारसप्तकात.

तीन: उजेड म्हणजे आवाजाची पातळी. खण जितका पांढरा, तितका तो सूर जोरात. काळा खण म्हणजे शांतता.

डोळ्यांसमोर आणायचं असेल तर असं समजा: बाजाची पेटी उभी करून भिंतीला टेकवलीय. खर्जाच्या पट्ट्या खाली, वरच्या पट्ट्या वर. तिच्यासमोरून तुमचं चित्र सावकाश सरकतंय आणि जिथे जिथे पांढरा रंग पट्टीसमोर येतो, तिथे ती पट्टी दाबली जाते. बस. इमेज सिंथेसायझर म्हणजे एवढंच.

फरक इतकाच की या पेटीच्या प्रत्येक पट्टीतून अगदी साधा, शुद्ध सूर येतो. त्याला साइन वेव्ह म्हणतात. फूरिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञाची जी कल्पना आपण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला परीक्षेपुरती पाठ केली, ती इथे कामाला येते: कुठलाही गुंतागुंतीचा आवाज अशा साध्या लहरींची बेरीज करून बांधता येतो. म्हणून पुरेशा पट्ट्या असतील आणि चित्र बरोबर असेल, तर तंबोऱ्याच्या आवाजापासून दरवाजाच्या कुरकुरीपर्यंत काहीही 'रंगवता' येतं.

'नमस्कार' कसं वाजतं?

[क्लिप: एक लांब, एकसंध उंच सूर. त्याखाली चार जाड ठोके, आणि शेवटाकडे खाली घसरत जाणारा एक सूर.]

हे काय होतं, ओळखलंत? काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'नमस्कार' लिहिलं आणि ते चित्र वाजवलं.

आपली लिपी या खेळात फार मजेदार वागते. तो जो लांब उंच सूर सतत चालू होता, ती शिरोरेषा. आडवी रेघ म्हणजे सूर बदलत नाही, फक्त वेळ पुढे जातो. त्यामुळे देवनागरीतला कुठलाही सलग शब्द लिहा, त्यात एक तंबोरा आपोआप लागतो. शब्द संपला, रेघ तुटली, की तो सूर थांबतो.

मग ठोके कसले? 'न'चा दंड, 'म'चा दंड, 'क'चा मधला दंड आणि त्यापुढचा काना. हिशोब करा, चार. अर्ध्या 'स'ला दंड नसतो, त्यामुळे तिथे ठोका नाही. उभी रेघ म्हणजे एकाच क्षणी खूप सूर एकदम, म्हणून ती 'ठक्' अशी वाजते. आणि शेवटी 'र'चा तिरका पाय खाली उतरतो, तेव्हा सूरही खाली घसरतो. गाण्याच्या भाषेत सांगायचं तर तिरकी रेघ म्हणजे मींड.

वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेच्या वर असतात, म्हणजे तंबोऱ्यापेक्षाही उंच वाजतात. उकार तळाशी, म्हणजे खर्जात. इंग्रजी शब्द वाजवलात तर त्यात हा सलग सूर सापडत नाही, कारण त्यांच्या अक्षरांना वरून जोडणारी रेघच नाही.

आता पोकळ वर्तुळ काढलं तर? विचार करा, मग पुढे वाचा. डाव्या कडेला एकच बिंदू, म्हणजे एक सूर. मग त्याचे दोन होतात, एक वर चढतो, एक खाली उतरतो. मध्यावर दोघे सगळ्यात लांब, आणि परत येऊन एकात मिसळतात. दोन-तीनदा ऐकलं की डोळे मिटून सांगता येतं, 'हे वर्तुळ'. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आतलं गणित, घाबरू नका

समजा चित्र ५०० पिक्सेल रुंद आहे आणि ते १० सेकंदांत वाजवायचंय. म्हणजे प्रत्येक उभ्या रकान्याला २० मिलिसेकंद मिळाले. साध्या दर्जाच्या डिजिटल आवाजात सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, म्हणजे एका रकान्यासाठी ८८२ आकडे काढायचे.

उंची धरू ९६ ओळी. सगळ्यात खालची ओळ ५५ हर्ट्झ, आणि पेटीसारख्या एका सप्तकाला १२ ओळी. म्हणजे आठ सप्तकं झाली, वरची ओळ पोचली सुमारे १३,३०० हर्ट्झवर. दर क्षणी ९६ लहरी काढायच्या, प्रत्येकीला तिच्या खणातल्या उजेडाने गुणायचं आणि बेरीज करायची. सेकंदाला साधारण ४२ लाख वेळा हे काम. ऐकायला प्रचंड, पण तुमच्या खिशातला फोन हे सहज करतो.

इथे तीन बारकावे आहेत, आणि चांगलं सॉफ्टवेअर आणि वाईट सॉफ्टवेअर यांतला फरक त्यांतच असतो.

पहिला: ओळींमधलं अंतर. 'प्रत्येक ओळ सारख्याच हर्ट्झने वाढवू' असं ठरवलं, तर ५५ ते १३,३०० मध्ये ९६ ओळी बसवताना प्रत्येक पायरी साधारण १३९ हर्ट्झची होते. तळाशी ५५ वरून थेट १९४, म्हणजे जवळजवळ दोन सप्तकांची उडी! आणि वर गेलात तर दोन शेजारच्या ओळींत जेमतेम एक टक्क्याचा फरक. आपला कान बेरजेने नाही, गुणाकाराने मोजतो. दुप्पट फ्रिक्वेन्सी म्हणजे एक सप्तक, मग ती १०० ची २०० असो की १,००० ची २,०००. म्हणून ओळीसुद्धा गुणाकारानेच चढवाव्या लागतात.

दुसरा: रकाना बदलताना आवाजाची पातळी एकदम बदलली तर प्रत्येक सांध्यावर 'टिक्' असा आवाज येतो. सेकंदाला ५० टिक, म्हणजे डोकेदुखी. म्हणून पातळी एका रकान्यातून दुसऱ्यात हळूच सरकवतात.

तिसरा: सगळ्या लहरी एकाच क्षणी शून्यापासून सुरू केल्या, तर उभ्या रेघेवर त्या सगळ्या एकदम उसळतात आणि स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक लहर वेगवेगळ्या ठिकाणाहून, रँडम जागेवरून सुरू करायची, आणि एकूण बेरीज मर्यादेबाहेर जाणार नाही अशी खाली आणायची.

कम्प्युटरच्या आधीचं यंत्र

आता वाटेल की हे सगळं कम्प्युटर आल्यावर सुचलं असणार. नाही. याच तत्त्वावर चालणारं एक यंत्र १९५० च्या दशकात मॉस्कोत तयार झालं, आणि त्यात कम्प्युटर नव्हता. होती काच आणि उजेड.

येवगेनी मुर्झिन नावाचे एक सोव्हिएत इंजिनिअर. त्यांना असं वाद्य हवं होतं जिथे संगीतकार स्वरलिपी लिहील आणि तीच थेट वाजेल, मधे वादक नको. यंत्राला नाव दिलं 'ए-एन-एस', अलेक्झांडर निकोलायेविच स्क्र्याबिन या रशियन संगीतकाराची आद्याक्षरं.

या यंत्रात काचेच्या फिरत्या चकत्या आहेत. प्रत्येक चकतीवर १४४ वर्तुळाकार पट्टे, आणि प्रत्येक पट्टा म्हणजे एका शुद्ध सुराचं छापलेलं चित्र. पाच चकत्या, म्हणजे ७२० सूर. दहा सप्तकं, आणि एका सप्तकाचे ७२ भाग. पेटीत १२ असतात, इथे त्याच्या सहापट बारीक. समोर एक मोठी काच, तिच्यावर न सुकणारा काळा लेप. संगीतकार तो लेप खरवडून रेघा काढतो. जिथे खरवडलं, तिथून त्या सुराचा उजेड पार जातो, फोटोसेलवर पडतो आणि आवाज होतो. काळं म्हणजे शांतता, उजेड म्हणजे सूर. आपला तिसरा नियम, जसाच्या तसा.

ही उजेडाची युक्ती मुर्झिन यांनी शून्यातून काढली नव्हती. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर रिळाच्या कडेला आवाजाची बारीक पट्टी छापलेली असायची, आणि प्रोजेक्टर तीसुद्धा उजेडानेच वाचायचा. आपल्या गावच्या एकपडदा थिएटरात आईबाबांनी जे सिनेमे ऐकले, ते तांत्रिकदृष्ट्या एका चित्राचा आवाजच होते. फरक असा की तिथे आधी आवाज होता, मग त्याचं चित्र छापलं. मुर्झिन यांच्या यंत्रात आधी चित्र आहे.

आंद्रेई तारकोव्हस्कीचा 'सोलारिस' हा १९७२ चा सिनेमा पाहिला असेल, तर या यंत्राचा आवाज तुम्ही ऐकलाय. संगीतकार एडुआर्ड आर्तेम्येव यांनी त्यात ते वापरलं. मूळ यंत्र आजही मॉस्कोतल्या संगीत संग्रहालयात आहे. आणि तुमच्या-माझ्यासाठी चांगली बातमी अशी, की अलेक्झांडर झोलोतोव या रशियन डेव्हलपरने त्याची सॉफ्टवेअर आवृत्ती बनवलीय, 'व्हर्च्युअल ए-एन-एस'. कम्प्युटरवर मोफत, आणि फोनवरही येते. बोटाने रेघ ओढा आणि ऐका.

जाता जाता एक हिशोब. ७२० सूर एकदम वाजवायचे तर मघाचं ४२ लाखांचं काम सेकंदाला सुमारे ३ कोटी १७ लाखांवर जातं. मुर्झिन यांची काच हे काम फुकटात करत होती, कारण उजेडाची बेरीज आपोआप होते.

मग माझा सेल्फी भयंकर का वाजतो?

ॲप टाकलं की प्रत्येकजण पहिल्यांदा हेच करतो. स्वतःचा फोटो टाकतो.

[क्लिप: कर्कश, धातू घासल्यासारखा खरखराट, ८ सेकंद.]

मित्रांनो, दोष तुमच्या चेहऱ्याचा नाही. फोटोत जवळजवळ प्रत्येक खणात थोडा तरी उजेड असतो. म्हणजे सगळ्या पट्ट्या थोड्या थोड्या दाबलेल्या. शेजारशेजारचे शेकडो सूर एकदम वाजले की कानाला तो गोंगाटच वाटतो. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने काढलेलं चित्र तर आणखी वाईट, कारण तिथे कागदच ओरडतो आणि रेघा गप्प बसतात. आधी रंग उलटे करा, मग टाका.

गोड आवाजाचा आकार वेगळा असतो. माणसाचा आवाज किंवा तंबोरा घ्या. मूळ सूर २०० हर्ट्झचा असेल तर त्यासोबत ४००, ६००, ८००, १,००० असे सूर असतात. आपल्या १२ ओळींच्या सप्तकात त्यांची अंतरं मोजली, तर आधी १२ ओळी, मग ७, मग ५, मग ४. वर जाल तशा रेघा जवळजवळ येतात. अशा पाच आडव्या रेघा काढा, कान त्यांना पाच सूर मानतच नाही, एकच भरदार सूर ऐकतो. आणि त्याच पाच रेघा सहा-सहा ओळींच्या सारख्या अंतरावर, पट्टीने आखल्यासारख्या काढा. दिसायला नीटनेटकं, ऐकायला दात आंबतात. डोळ्याला जे सुबक, ते कानाला सुबक असेलच असं नाही.

याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रिटिश संगीतकार एफेक्स ट्विन. त्याच्या १९९९ च्या 'विंडोलिकर' या रेकॉर्डवर दुसरा ट्रॅक आहे, ज्याचं नाव म्हणजे एक लांबलचक गणिती सूत्र. त्याच्या शेवटाकडे काही सेकंद विचित्र चिरकणारा आवाज येतो. तो आवाज स्पेक्ट्रोग्राममध्ये बघितला, म्हणजे पुन्हा आडवा वेळ आणि उभा सूर असं चित्र काढलं, तर एक भेसूर हसणारा चेहरा दिसतो. त्यासाठी वापरलेलं सॉफ्टवेअर म्हणजे एरिक वेंगर यांचं 'मेटासिंथ'. चेहरा नीट दिसायला उभा अक्ष मघासारखा गुणाकाराने चढणारा लागतो, नाहीतर तो ताणलेला दिसतो. म्हणजे तोच नियम: ज्याने लिहिलं त्याची पट्टी वापराल, तरच बरोबर वाचता येईल.

जिथे हा खेळ राहत नाही

आता ते वर्तुळ आठवा, जे डोळे मिटून ओळखता येत होतं.

डच संशोधक पीटर मायर यांनी १९९२ मध्ये एका शोधनिबंधात एक यंत्रणा मांडली. कॅमेऱ्यातलं दृश्य ६४ बाय ६४ खणांत आणि उजेडाच्या १६ पायऱ्यांत घ्यायचं, आणि साधारण एका सेकंदात डावीकडून उजवीकडे वाजवायचं. वर म्हणजे उंच सूर, उजळ म्हणजे मोठा आवाज. ओळखीचं वाटलं ना? आपलेच तीन नियम. पण हे वाद्य नव्हतं. ते होतं अंध व्यक्तींसाठी.

या यंत्रणेचं नाव 'द व्हॉइस'. इंग्रजी स्पेलिंगमधली मधली तीन अक्षरं मुद्दाम मोठी लिहितात, कारण ती उच्चारली की 'ओह, आय सी' ऐकू येतं, म्हणजे 'अच्छा, दिसलं'. आज ती अँड्रॉइडवर मोफत मिळते. डावीकडची वस्तू आधी आणि डाव्या कानात, उजवीकडची नंतर आणि उजव्या कानात. दाराची उभी चौकट म्हणजे ठोका, जिना म्हणजे पायरीपायरीने चढणारा सूर.

पहिल्या दिवशी हा निव्वळ गोंगाट वाटतो. पण नियम कधीच बदलत नाही, आणि मेंदू तो शिकतो. आठवडे, महिने लागतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की हे ऐकायला सरावलेल्या लोकांच्या मेंदूत असा भाग जागा होतो जो एरवी डोळ्यांनी किंवा स्पर्शाने वस्तूचा आकार ओळखताना काम करतो. आवाज कानातून आला, पण मेंदूने तो आकार म्हणून वाचला.

मर्यादाही आहेत. सेकंदाला एकच चित्र म्हणजे रस्त्यावरच्या धावत्या गाडीसाठी फारच हळू, आणि गर्दीच्या दृश्याचा पुन्हा गोंगाटच होतो. पांढऱ्या काठीची जागा ते घेत नाही. पण ज्याला समोरच्या भिंतीत दार कुठे आहे हे ऐकून कळतं, त्याच्यासाठी 'चित्राचा आवाज' हा रीलचा विषय नाही.

पुढच्या वेळी रील आली की

म्हणून आता आकाशगंगेकडे परत येऊ. २०२० मध्ये नासाच्या चंद्रा दुर्बिणीच्या टीमने आपल्या आकाशगंगेच्या केंद्राचं चित्र आवाजात आणलं. डावीकडून उजवीकडे, वर म्हणजे उंच सूर, उजळ म्हणजे मोठा आवाज. हा आकाशगंगेचा आवाज नाही, तो चित्राचा अनुवाद आहे. टीमने नियम उघड सांगितलाय, आणि असा अनुवाद अंध श्रोत्यांसाठीही मोलाचा आहे. गडबड होते ती पुढे, जेव्हा क्लिप फॉरवर्ड होताना नियम गळून पडतो आणि 'आवाज' तेवढा उरतो.

सगळं एकाच मापाने मोजू नका हं. पर्सिअस दीर्घिकासमूहातल्या कृष्णविवराची जी क्लिप २०२२ मध्ये गाजली, तिच्यामागे वायूतल्या खऱ्या दाबलहरी होत्या. फक्त त्या इतक्या खर्जात होत्या, की ऐकू येण्यासाठी ५७ आणि ५८ सप्तकं वर चढवाव्या लागल्या. आणि मंगळावर २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरवर तर चक्क मायक्रोफोन आहेत, म्हणजे ते साधं रेकॉर्डिंग. अनुवाद, वर चढवलेला खरा आवाज आणि रेकॉर्डिंग, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना एकच कॅप्शन लागतं, म्हणून आपण फसतो.

तर क्लिप आली की तीन प्रश्न विचारा. आडवं काय आहे? उभं काय आहे? मोठा आवाज म्हणजे काय? उत्तर मिळालं तर ती क्लिप माहिती देते. नाही मिळालं, तर ती फक्त मागचं म्युझिक आहे.

आणि आजचा गृहपाठ. काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहा आणि वाजवा. शिरोरेषेचा सूर कुठे तुटतो, ठोके किती पडतात, मोजा. मग ती क्लिप एखाद्या मित्राला पाठवा, चित्र न दाखवता, फक्त तीन नियम सांगून. त्याला अक्षरं काढता येतात का बघा. आली, तर मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!